गौण खनिज आणि गौण भाषा

१

मराठी वाङ्मयात 'पानिपत' हा शब्द गावाचे नाव म्हणून फार थोड्या वेळा येतो. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने ते नाव असे व्यापून टाकले की बखरी, पोवाडे, नाटके आणि कादंबऱ्या यांच्या द्वारा पिढ्यान्‌पिढ्या वाचकापुढे उभा राहिला तो एक प्रसंग. पुढे 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारच रूढ झाला. यमुनेच्या पश्चिमेला वसलेला, उसाचा आणि गव्हाचा, हातमागाचा आणि लोकरीच्या चिंध्यांपासून सूत काढणाऱ्या गिरण्यांचा जो जिल्हा तेथे प्रत्यक्ष नांदतो, तो मराठी मनाच्या नकाशावर जवळजवळ नाहीच. स्थळाचे प्रतीक झाले की तेथील माणसे काय बोलतात हे ऐकण्याची गरज संपते. वाङ्मयात हे घडले तर हानी मर्यादित असते. परंतु शासनव्यवहारात हेच घडते तेव्हा त्याचे परिणाम जमिनीला, पाण्याला आणि माणसांच्या फुप्फुसांना भोगावे लागतात. या दुसऱ्या प्रकारच्या विस्मरणाचा विचार येथे कर्तव्य आहे.

पानिपत जिल्ह्याची भूमी यमुनेने आणलेल्या गाळाची आहे. तेथे वाळू मिळते, वीटभट्टीची माती मिळते. बांधकामाचा दगड मात्र मिळत नाही. रस्ता, पूल, कारखाना किंवा लोहमार्ग यांपैकी काहीही उभारायचे तर खडी बाहेरूनच आणावी लागते. १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र अस्तित्वात आले तेव्हापासून पानिपत त्याचा भाग आहे, आणि या क्षेत्राच्या वाढीला लागणारा दगड अरवलीच्या उत्तर टोकाच्या टेकड्यांतून, म्हणजे फरीदाबाद, गुडगाव, मेवात, भिवानी, महेंद्रगड या बाजूंनी आणि शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या नदीपात्रांतून पुरविला गेला. दगड वापरणारे गाव एक आणि दगड फुटताना धूळ खाणारे गाव दुसरे, अशी ही रचना आहे. म्हणून खाणीला परवानगी द्यावी की न द्यावी हा प्रश्न विचारताना 'कोणाला विचारावयाचे' हा प्रश्न आधी येतो, आणि त्याच्याही आधी 'कोणत्या भाषेत विचारावयाचे' हा.

विचारण्याची वेळही महत्त्वाची. खुद्द पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रदूषणाबद्दल शेजारच्या गावाने तक्रार केली, ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली, आणि २०१९ च्या मे महिन्यात १७ कोटी ३१ लाख रुपये भरण्याचा आदेश झाला. परंतु हा न्याय नुकसान झाल्यानंतरचा होय. नुकसान होण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकून घेणे हाच पर्यावरणीय परवानगीच्या पद्धतीचा गाभा आहे. ही पद्धत भाषेच्या ठिकाणी लंगडी आहे. खाण गौण, गाव गौण, गावाची बोली त्याहून गौण, अशी तिची उतरती श्रेणी आहे, आणि ती बदलल्यावाचून जनसुनावणी हा केवळ एक विधी राहील, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

मराठी माणूस या परिसरात केवळ १७६१ साली गेला असे नव्हे. २५ फेब्रुवारी १९८२ रोजी बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र पाठविले. फरीदाबाद जिल्ह्यातील दगडखाणींत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या राज्यांतून आलेले मजूर अमानुष स्थितीत राबत आहेत आणि त्यांतले पुष्कळजण वेठबिगार आहेत, असे त्या पत्रात म्हटले होते. न्यायालयाने ते पत्रच राज्यघटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखालील याचिका मानले, चौकशीसाठी वकील खाणींवर पाठविले, त्यानंतर भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. पटवर्धन यांच्याकडे सामाजिक पाहणी सोपविली आणि १६ डिसेंबर १९८३ रोजी निकाल दिला. पिण्याच्या पाण्यापासून क्रशरवरील धूळ दाबण्यासाठी पाण्याचा फवारा किंवा धूळ शोषणारे यंत्र लावण्यापर्यंत अनेक निर्देश त्या निकालात आहेत.

विधिशास्त्राच्या इतिहासात या निकालाला मोठे स्थान आहे, आणि ते यथार्थ आहे. साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्यातील आणखी एका गोष्टीकडे जावयास हवे. खाणीतल्या माणसाला आपली कैफियत मांडण्यासाठी कायद्याच्या भाषेची सक्ती नाही, एक साधे पत्र पुरे, हे न्यायालयाने मान्य केले. अर्जाच्या विहित नमुन्यापेक्षा अर्जातील दुःख मोठे ठरले. तथापि या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. चार राज्यांतून आलेल्या त्या मजुरांच्या चार-पाच भाषा आणि त्याहून अधिक बोली असणार. निकालपत्रात त्यांचे म्हणणे येते ते इंग्रजीतून, इतरांनी सांगितलेले. त्यांपैकी महाराष्ट्रातून गेलेल्या एखाद्या बाईने वा पुरुषाने त्या वकिलांना नेमक्या कोणत्या शब्दांत काय सांगितले, हे मराठी भाषेच्या कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पानिपतच्या रणांगणावरून निसटलेल्या माणसांच्या हकिकती, पत्रे, बखरी मराठीने जपल्या; फरीदाबादच्या खाणींतून सुटलेल्या मराठी माणसांची हकिकत मात्र तिने जपली नाही.

हे प्रकरण मजुरांच्या मुक्ततेचे होते, खाणीच्या परवानगीचे नव्हते. खाण उघडण्यापूर्वी शेजारच्या गावाला विचारावे असा नियम तेव्हा अस्तित्वातच नव्हता. पर्यावरण संरक्षण अधिनियम आला १९८६ मध्ये. पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक करणारी अधिसूचना निघाली २७ जानेवारी १९९४ रोजी. जनसुनावणीची अट तिच्यात जोडली गेली १० एप्रिल १९९७ रोजी. आणि सध्याची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घालून दिली. या काळात अरवलीतील खाणी बंद करण्याचे काम झाले ते मुख्यतः न्यायालयाच्या आदेशांनी: २००२ मध्ये दिल्ली-हरियाणा सीमेलगतच्या पट्ट्यात, मे २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव आणि मेवात या भागांत. म्हणजे खाण उघडताना लोकांना विचारले गेले नाही आणि बंद करतानाही निर्णय लोकांनी घेतला नाही. दोन्ही वेळा गावाला बातमीच मिळाली.

३

२००६ च्या अधिसूचनेतील पद्धत कागदावर पाहिली तर ती उदार वाटते. प्रकल्पाचा मसुदा-अहवाल आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पंचायत आदी कार्यालयांत वाचण्यास ठेवावयाचा. एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात किमान ३० दिवस आधी सूचना द्यावयाची. सुनावणी प्रकल्पस्थळी वा त्याच्या निकट घ्यावयाची. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी नसलेला अधिकारी असावयाचा. उपस्थित प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची संधी मिळावयाची. सर्व कामकाजाचे चित्रीकरण व्हावयाचे. आणि अखेरीस इतिवृत्ताचा सारांश जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगून त्यावर त्याच दिवशी सही व्हावयाची. गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी सुनावणी सुनावणीच.

भाषेचा विचार या पद्धतीत नाही असे म्हणता येणार नाही. पण तो कोठे आहे हे पाहावे. स्थानिक किंवा राज्याच्या राजभाषेत असण्याची अपेक्षा सारांशापुरती आहे. मुख्य अहवाल, ज्यात विहिरींच्या पाण्याची पातळी, वाऱ्याची दिशा, सुरुंगाच्या दारूचे प्रमाण, खाणीची अखेरची खोली, खाण संपल्यावर खड्ड्याचे काय करावयाचे याची योजना असते, तो सामान्यतः इंग्रजीतच राहतो. शेकडो पानांच्या ग्रंथाविषयी काही पानांच्या गोषवाऱ्यावरून मत द्या, असे गावाला सांगितले जाते. कोणत्याही विद्यापीठात एखाद्या कादंबरीचा सारांश वाचून तिचे परीक्षण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण केले जाणार नाही. येथे मात्र तेवढ्याच आधारावर गावाने आपल्या पाण्याचे भवितव्य ठरवावे, अशी अपेक्षा आहे.

जो सारांश भाषांतरित होतो त्याची भाषाही तपासण्याजोगी आहे. मराठीत आणि हिंदीतही त्याला 'कार्यकारी सारांश' म्हणतात. 'कार्यकारी' या शब्दाने मराठी वाचकाला कार्यकारी मंडळ आठवते, कार्यकारी अभियंता आठवतो; हा सारांश कोणते कार्य करतो हे त्याला कळत नाही. शब्द मराठी आहे, अर्थ मात्र इंग्रजी शब्दातच राहिला आहे. उलट, ज्या गोष्टीसाठी बोलीत नेमके शब्द आहेत तेथे अहवालाला ते ठाऊकच नसतात. महाराष्ट्रातील खाणकामगार मुरूम, डबर, खडी, कच यांत भेद करतो. पाथरवट दगडाच्या आवाजावरून त्याची जात ओळखतो. हरियाणातील ट्रकवाला रोडी आणि बजरी यांची गल्लत करीत नाही. विहिरीला पाणी 'लागणे', 'आटणे', 'फुटणे', 'पळणे' या चार वेगळ्या घटना आहेत, आणि सुरुंगामुळे विहिरीचे पाणी 'पळाले' असे शेतकरी म्हणतो तेव्हा भूजलाच्या प्रवाहाविषयी तो एक विधान करीत असतो. अहवालात या विधानाला जागा नसते. तेथे 'परिणाम नगण्य' एवढे दोन शब्द असतात.

खुद्द 'सुनावणी' हा शब्दही या संदर्भात बोलका आहे. मराठीत 'सुनावणे' म्हणजे दुसऱ्याला ऐकविणे: शिक्षा सुनावतात, चार शब्द सुनावतात. ज्या सभेत लोकांनी बोलावे आणि शासनाने ऐकावे, तिला ऐकविण्याचा अर्थ असलेल्या धातूपासून नाव मिळाले आहे. व्युत्पत्तीवरून वस्तुस्थिती सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि सभेचा प्रारंभ अर्जदाराच्या प्रतिनिधीने केलेल्या प्रकल्पाच्या निवेदनाने व्हावा असा नियमच आहे, आणि लोकांच्या आक्षेपांना उत्तरही तोच देतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कोण कोणाला सुनावतो हा प्रश्न निरर्थक ठरत नाही.

हरियाणासारख्या राज्यात आणखी एक पदर आहे. तेथील राजभाषा हिंदी. म्हणून सारांश हिंदीत झाला की नियमाचे पालन झाले. परंतु पानिपत-रोहतककडील माणूस घरी हरियाणवी बोलतो, मेवातमधील माणूस मेवाती, महेंद्रगडमधील अहिरवाटी. या बोली हिंदीच्या छत्राखाली मोजल्या जातात आणि आठव्या अनुसूचीत त्यांना स्थान नाही. शासकीय हिंदी आणि ही बोली यांत जे अंतर आहे, ते शासकीय मराठी आणि मालवणी वा अहिराणी यांतील अंतराहून कमी नाही. ज्या स्त्रीला धुळीचा त्रास सर्वांत जास्त, तिचा शासकीय भाषेशी संबंध सर्वांत कमी. ती सभेला येते, मागे बसते आणि न बोलता परत जाते. इतिवृत्तात तिची नोंद 'उपस्थित' अशी होते.

४

येथे 'गौण' या शब्दाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यात इमारती दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू यांना गौण खनिज म्हटले आहे आणि त्यांचे नियमन राज्यांकडे सोपविले आहे. भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा शब्द परिचित आहे: मुख्य अर्थ बाधित झाल्यावर गुणसादृश्याने जो अर्थ घेतला जातो तो गौण. कायद्यातील 'गौण' हे मात्र मूल्यावरून ठरलेले आहे. टनाला मिळणारी किंमत कमी म्हणून खनिज गौण. गावाच्या दृष्टीने पाहिले तर क्रम उलटा होतो. सोन्याची वा हिऱ्याची खाण लाखात एखाद्या गावाच्या वाट्याला येते. दगडाची आणि वाळूची खाण तालुक्या-तालुक्यात असते. गौण खनिज हेच खेड्यातील मुख्य खनिज होय.

या गौणत्वाचा उपयोग कसा झाला याचे उदाहरण हरियाणानेच पुरविले. पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्याला पर्यावरणीय परवानगीची गरज नव्हती. २०११ साली पंचकुला जिल्ह्यातील दगड, गोटे आणि वाळू यांच्या लिलावाची जी सूचना निघाली तिच्यात प्रत्येक पट्टा साडेचार हेक्टरांहून अधिक नव्हता. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला: पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही परवानगी हवी. लहान-लहान तुकड्यांचा एकत्रित परिणाम लहान नसतो, हे तत्त्व मान्य झाले.

परंतु परवानगी लागणे आणि लोकांना विचारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने लहान खाणींचा निर्णय जिल्हास्तरीय प्राधिकरणाकडे दिला आणि २५ हेक्टरांपर्यंतच्या स्वतंत्र खाणीला मूल्यमापन-अहवाल आणि जनसुनावणी यांतून सूट दिली. १३ सप्टेंबर २०१८ रोजी सतेंद्र पांडे प्रकरणात हरित न्यायाधिकरणाने पाच ते पंचवीस हेक्टरांच्या खाणींची ही सूट ग्राह्य मानली नाही. पाच हेक्टरांपर्यंतची, म्हणजे सुमारे साडेबारा एकरांची, एकटी खाण मात्र सुनावणीच्या बाहेरच राहिली. कोकणातील जांभ्याच्या चिरेखाणी ज्याने पाहिल्या आहेत त्याला साडेबारा एकर म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. शेजारच्या खाणी मिळून क्षेत्र मोठे होत असेल तर समूह म्हणून विचार व्हावा असा नियम आहे; पण समूह आहे की नाही हे दाखविणारा नकाशा आणि त्याची भाषा पुन्हा गावाच्या आवाक्याबाहेरची.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो गैरवाजवी नाही. लहान खाणवाला हा पुष्कळदा स्वतःच गावचा माणूस असतो. त्याच्यावर अहवालाचा, सल्लागाराचा आणि सुनावणीचा खर्च लादला तर तो व्यवसायातून उठेल, मोठा ठेकेदार टिकेल, आणि दगडाची मागणी कायम असल्यामुळे खाणकाम चोरून चालेल. बंदीने खाण थांबत नाही, ती रात्री चालते, हे अरवलीच्या बाबतीत वारंवार दिसून आले आहे. शिवाय परवाना असलेली खाणही सुरक्षित असतेच असे नाही. १ जानेवारी २०२२ रोजी भिवानी जिल्ह्यातील डाडम येथे खाणीचा कडा कोसळून कामगार दगडांखाली गाडले गेले.

या आक्षेपाचे उत्तर असे की, लहान खाणीसाठी मोठ्या प्रकल्पाचा सोपस्कार नको, पण विचारणे हवे. ग्रामसभेत, गावाच्या बोलीत, खाण किती खोल जाणार, सुरुंग कोणत्या वेळी उडणार, ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार आणि खड्डा कोण बुजविणार या चार प्रश्नांची उत्तरे देण्यास सल्लागार लागत नाही. खर्च येतो तो इंग्रजी अहवालाचा; गावाशी गावाच्या भाषेत बोलण्याचा नव्हे.

५

लोक बोलले, तरी त्यांच्या बोलण्याचे पुढे काय होते? या प्रश्नावर दोन निर्णय मार्गदर्शक आहेत. गोव्यातील केपे तालुक्यात कावरे गावच्या डोंगरावरील खनिज प्रकल्पाविरुद्ध उत्कर्ष मंडळ या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. २६ नोव्हेंबर २००९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, सुनावणीतील आक्षेपांचा विचार तज्ज्ञ समितीने केला पाहिजे, आणि तो केला हे तिच्या कारणांतून दिसले पाहिजे. आक्षेप 'पाहिले' एवढे पुरेसे नाही. दुसरा निर्णय छत्तीसगडमधील रायगड जिल्ह्याचा. ५ जानेवारी २००८ रोजी खम्हरिया येथे कोळसाखाणीसाठी झालेल्या सुनावणीला हरित न्यायाधिकरणाने २० एप्रिल २०१२ रोजी सुनावणीची थट्टा ठरविले आणि परवानगी रद्द केली.

पहिल्या प्रकरणातील अंतर पाहण्यासारखे आहे. गाव कोकणी बोलते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामांसाठी मराठीच्या वापरालाही मुभा आहे. तज्ज्ञ समिती दिल्लीत बसते आणि इंग्रजीत विचार करते. डोंगरावरचे बोलणे समितीच्या मेजापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे किमान दोनदा भाषांतर होते, आणि प्रत्येक वेळी ते आखूड होते. 'या डोंगरातल्या झऱ्यावर आमची कुळागरे जगतात' हे विधान शेवटी 'जलस्रोतांबाबत चिंता व्यक्त झाली' असे होऊन बसते. चिंता ही भावना झाली. झरा ही वस्तुस्थिती होती. भाषांतरात वस्तुस्थितीची भावना होते, आणि भावनेला आश्वासनाने उत्तर देता येते.

याच्या उलट उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे. १८ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार त्या वर्षी डोंगरावरील बारा गावांच्या ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत झाल्या आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगरिया कंध लोकांची बोली आठव्या अनुसूचीत नाही, तिचे साहित्य मुख्यतः मौखिक. ज्या कंध समाजाचे जीवन गोपीनाथ महांती यांच्या 'अमृतर संतान' या कादंबरीचा विषय झाले आणि जिला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्या समाजाने येथे प्रथमच आपल्या तोंडाने बोलून निर्णय बदलला. फरक कशामुळे पडला? सभा गावात होती, प्रश्न 'होय की नाही' असा स्पष्ट होता, आणि उत्तर बंधनकारक मानले गेले. बोली दुर्बल नसते. तिला दुर्बल करणारी कार्यपद्धती असते.

६

नियम बनविण्याच्या पातळीवरही भाषेचा प्रश्न २०२० साली उघडपणे पुढे आला. २००६ च्या अधिसूचनेच्या जागी नवी अधिसूचना आणण्याचा मसुदा केंद्र सरकारने त्या वर्षी हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत प्रसिद्ध करून त्यावर सर्व भारतीयांकडून सूचना मागविल्या. विक्रांत तोंगड यांच्या याचिकेवर ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत मसुद्याचे भाषांतर दहा दिवसांत करावे असा आदेश दिला. सरकारची भूमिका अशी होती की, राजभाषा कायद्यानुसार हिंदी आणि इंग्रजी एवढ्याच भाषांचे बंधन आहे. तो मसुदा पुढे अंतिम झाला नाही. त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र राहिला. राजभाषा म्हणजे शासनाने शासनाशी बोलण्याची भाषा. शासन जेव्हा लोकांना विचारते तेव्हा त्या विचारण्याची भाषा लोकांची असावी, हा राजभाषेच्या धोरणाचा नव्हे, तर विचारण्याच्या अर्थाचाच भाग आहे. न कळणाऱ्या भाषेत विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे.

मुळात न विचारताच नियम बदलण्याचीही उदाहरणे आहेत. रस्ते, नळमार्ग अशा रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढण्यास मार्च २०२० मध्ये दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. लोकांच्या हरकती न मागविता ती दिली गेली, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. दुसऱ्या बाजूने, सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजे आणि महत्त्वाची मानलेली काही खनिजे यांच्या खाणी लोकविचारणेतून वगळण्यात आल्या. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला अरवली कशाला म्हणावे याची, आजूबाजूच्या भूमीपासून १०० मीटर उंचीवर आधारलेली व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली आणि २९ डिसेंबरला आपला तो आदेश स्थगित ठेवला. एका शब्दाच्या अर्थावर डोंगराचे असणे-नसणे ठरावे, याहून भाषेचे सामर्थ्य दाखविणारे उदाहरण शोधावे लागणार नाही. ज्या मेवाती, अहिरवाटी, राजस्थानी बोलींनी डूंगर आणि पहाडी यांतले भेद शतकानुशतके वापरात ठेवले, त्यांना या व्याख्येविषयी कोणी विचारले असते तर उत्तर कदाचित मीटरमध्ये आले नसते. पण ते आले असते.

भाषांतराला वेळ आणि पैसा लागतो, हा नेहमीचा आक्षेप आहे. लागतोच. परंतु ज्या प्रकल्पासाठी जमिनीची मोजणी, भूजलाची चाचणी आणि सल्लागाराचा मेहनताना यांवर खर्च होतो, त्याच्या अहवालाचे जिल्ह्याच्या भाषेत रूपांतर हा अवाजवी बोजा नव्हे. पारिभाषिक शब्द नाहीत, ही तक्रारही अर्धीच खरी. शब्द गावात आहेत. ते अहवाल लिहिणाऱ्याजवळ नाहीत.

म्हणून काही गोष्टी निश्चितपणे मागता येतील. संपूर्ण अहवाल जिल्ह्याच्या भाषेत, सुनावणीच्या ३० दिवस आधी मिळावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो गावात वाचून आणि बोलीत समजावून सांगितला जावा, आणि हे काम अर्जदाराच्या माणसाने करू नये. बोलणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदले जावे. सारांश त्यानंतर व्हावा, त्याऐवजी नव्हे. प्रत्येक आक्षेपाला समितीने दिलेले कारण ज्या भाषेत आक्षेप आला त्या भाषेत गावाला परत कळवावे. आणि पाच हेक्टरांच्या आतील खाणीसाठी ग्रामसभेतील साधी विचारणा बंधनकारक असावी. यांतील काहीही खाणीविरुद्ध नाही. दगड लागणारच आहे. पानिपतला लागेल, पुण्याला लागेल. तो कोठून आणि कोणत्या अटींवर घ्यावयाचा हे ठरविताना ज्यांच्या दारात सुरुंग उडणार, त्यांचे शब्द कागदावर असावेत, एवढेच.

यात भारतीय भाषांच्या अभ्यासकांचाही वाटा आहे. गेल्या सुमारे तीन दशकांत देशभर झालेल्या जनसुनावण्यांची इतिवृत्ते आणि चित्रफिती प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या दप्तरांत पडून आहेत. शेतकरी, मेंढपाळ, खाणमजूर, कोळी यांची, त्यांच्या जगण्यावर आलेल्या प्रसंगी, त्यांच्याच बोलींत केलेली भाषणे एवढ्या मोठ्या प्रमाणात एकत्र असलेला दुसरा संग्रह आज कदाचित नसेल. लोकवाङ्मयाचे संकलन करणाऱ्या विद्यापीठांनी ओव्या आणि लोककथा टिपल्या, ते मोलाचे काम झाले. आता या साक्षी टिपल्या पाहिजेत, त्यांचे शब्दकोश केले पाहिजेत, आणि मूळ बोलणे व शासकीय सारांश शेजारी-शेजारी ठेवून काय गळले ते दाखविले पाहिजे. हे काम भाषाशास्त्राचे आहे आणि भाषांतरविद्येचेही आहे. ते झाले तर पुढच्या सुनावणीत बसणाऱ्या अधिकाऱ्याला 'पाणी पळाले' याचा अर्थ विचारण्याची गरज पडणार नाही, आणि 'परिणाम नगण्य' असे लिहिणाऱ्या सल्लागाराला ते शब्द कोणत्या मोजमापावर उभे आहेत हे सांगावे लागेल.